एका बाळाच्या पाच फाइली
(वाचकांचे प्रश्न : पुनर्वसन उपचार)

जन्मजात व्यंगांवरील शस्त्रक्रियांविषयीचा लेख मागील अंकात प्रसिद्ध झाल्यावर कोकणपट्टीतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न शस्त्रक्रियेचा नसून तिच्यानंतरचा आहे : फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे करता यावीत यासाठीचे उपचार) आणि स्पीच थेरपी यांतले काय करायचे, किती करायचे आणि त्यासाठी जायचे कुठे. एकाहून अधिक व्यंगे घेऊन जन्मलेल्या व्यक्तींविषयीची तीन पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा त्याची अन्ननलिका सलग नव्हती, शौचाची जागा तयार झालेली नव्हती, मूत्रपिंड एकच आहे आणि उजवा हात कोपराखाली आखूड असून अंगठा नावापुरता आहे. मुंबईला ३ शस्त्रक्रिया झाल्या. आता एका ठिकाणी हाताची थेरपी, दुसऱ्या ठिकाणी गिळण्याची, तिसऱ्या ठिकाणी सर्वांगाची फिजिओथेरपी सांगितली आहे, आणि ओळखीच्या एकांनी करंटच्या मशीनचे पॅकेज सुचवले आहे. सासूबाई म्हणतात, मालिशवाल्या बाई लावल्या तर हात सुटेल. दूध पोटातल्या नळीतून देतो, परंतु तोंडाजवळ चमचा नेला की तो मान फिरवतो. खोकला भुंकल्यासारखा येतो. महिन्याला चार-चार खेपा आम्हांला झेपत नाहीत. यातले काय टाळता येईल?
— एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, टाळण्याजोगे काय, हे आधी सांगते. करंटच्या मशीनचे पॅकेज टाळा. अंगठ्यातली हाडे आणि स्नायू गर्भातच पुरेसे तयार झालेले नाहीत. जे नाही ते विजेच्या झटक्याने उगवत नाही. असे पॅकेज सुचवणारे पुढे कधीतरी स्टेम सेलचेही सुचवतात. आपल्या देशात रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्यताप्राप्त उपयोग सोडले, तर स्टेम सेलचा वापर केवळ रीतसर परवानगी घेतलेल्या संशोधनातच करता येतो, हे ध्यानात ठेवावे आणि पैसे गाठीला ठेवावेत.

मालिशीबद्दल मात्र सासूबाईंशी वाद घालू नका. खोबरेल तेलाचा हलका हात बाळाला आवडतो, आईलाही उसंत मिळते. परंतु पायांना धरून उलटे करणे, मान फिरवणे, हात खेचून ‘सोडवणे’ आणि पाठीचे मणके दाबणे हे तुमच्या बाळाला करायचे नाही, असे मालिशवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगा. त्याचे कारण तुमच्या पत्रात लिहिलेल्या गोष्टींत नाही, न लिहिलेल्या गोष्टींत आहे. अन्ननलिका, गुदद्वार, मूत्रपिंड आणि हात यांची व्यंगे एकत्र आली की डॉक्टर ‘व्हॅक्टर्ल’ नावाच्या समूहाचा विचार करतात. मणके, गुदद्वार, हृदय, श्वासनलिका व अन्ननलिका, मूत्रपिंडे आणि हातपाय यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून हे नाव झाले आहे, आणि यांतली तीन किंवा अधिक व्यंगे एकत्र आढळली की ते वापरतात. तुमच्या पत्रात हृदयाचा आणि मणक्यांचा उल्लेख नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आहे का, आणि पाठीच्या कण्याचा एक्स-रे व मज्जारज्जूची सोनोग्राफी किंवा एमआरआय झाला आहे का, हे फाइलीत शोधा; नसेल तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच विचारा. मणक्यांची घडण बिघडलेली असली किंवा मज्जारज्जू खाली अडकलेला असला, तर मालिशच काय, आमची फिजिओथेरपीसुद्धा बेताने करावी लागते. या समूहातल्या मुलांची बुद्धी बहुधा चांगली असते, हेही सांगून ठेवते, कारण वाकडा हात आणि पोटातली नळी पाहून मूल ‘मागे’ आहे असे लोक परस्पर ठरवून टाकतात.

आता काय करायचे ते. अशा बाळाला पाच विभाग पाच गोष्टी सांगतात, आणि प्रत्येकाचे आपापल्या अवयवापुरते बरोबरच आहे. घरात मात्र मूल एकच असते आणि त्याला सांभाळणारी बहुतेक वेळा एकच बाई असते. म्हणून मी क्रम लावते, आणि तुमच्याकडे सध्या पहिला क्रम खाण्याचा आहे. हाताचे काम उद्या करता येईल; तोंडाने खाण्याची गोडी लागण्याचे दिवस मात्र निघून गेले, तर पुढे वर्षे मोडतात.

ज्या बाळाचे तोंड जन्मापासून नळ्या, सक्शन आणि औषधांसाठीच उघडले गेले, त्याला चमचा हा शत्रू वाटतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका मच्छीमार घरातली मुलगी येत असे. आईने चमचे बदलून पाहिले, गाणी म्हटली, नाक दाबण्यापर्यंतही मजल गेली. आम्ही फक्त इतके केले, की नळीतून दूध देण्याची वेळ आणि घरच्यांच्या जेवणाची वेळ एकच केली. तिला पाटाला टेकवून, पाय जमिनीला लागतील असे सगळ्यांच्या पंगतीत बसवले, आणि पुढे थाळीत दोन चमचे गार, घट्ट पेज ओतली. कोणी भरवायचे नाही, कोणी ‘खा’ म्हणायचे नाही, एवढाच नियम होता. पहिले आठ दिवस तिने पेजेत हात मारून ती केसांना लावली. नवव्या की दहाव्या दिवशी बोट तोंडात गेले, तोंड वेडेवाकडे झाले आणि बोट पुन्हा पेजेत गेले. त्यानंतर मऊ भातापर्यंत पोहोचायला तिला ७ महिने लागले. दुसऱ्या घरी याहून कमी किंवा जास्तही लागतील. तोंडाची चव आणि पोट भरणे यांची गाठ बाळाच्या मनात पडावी, एवढाच यामागचा विचार आहे.

मात्र तोंडाने काहीही देण्याआधी सर्जनची परवानगी आणि गिळण्याची तपासणी हवी. भुंकल्यासारखा खोकला या मुलांत पुष्कळदा आढळतो. श्वासनलिकेची भिंत मऊ राहिल्यामुळे तो आवाज येतो आणि वय वाढेल तसा तो बहुधा कमी होतो. जोडलेली अन्ननलिका दिसायला सलग असली तरी तिची खाली ढकलण्याची लाट दुबळीच राहते, म्हणून घास लहान, बैठक ताठ आणि मध्ये पाण्याचे घोट, अशी पद्धत ठेवावी लागते. पूर्वी जाणारे अन्न अडकू लागले, लाळ बाहेर येऊ लागली, खाताना ठसका वाढला किंवा छातीचे आजार पुन्हापुन्हा होऊ लागले, तर थेरपी थांबवून सर्जनकडे जायचे. जोडाची जागा अरुंद झाली असेल तर ती रुंद करावी लागते. खाताना ओठ निळे पडले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच क्षणी दवाखाना गाठावा. शेंगदाणा, खोबऱ्याची कातळी, फणसाचे गरे आणि काटा राहिलेली मासळी बरीच वर्षे लांब ठेवा.

हातासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागेल, परंतु दर आठवड्याला नव्हे. मनगटाचा ताण सोडवण्याची पद्धत आणि रात्रीच्या स्प्लिंटचा (हात योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) वापर तुम्ही एकदा नीट शिकून घ्या. मूल वाढते तसा स्प्लिंट बदलायला दोन-तीन महिन्यांनी गेलात तरी चालते. तर्जनीला अंगठ्याच्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया करायची का, हा निर्णय लहान वयातच घेतला जातो, म्हणून हाताच्या सर्जनची भेट लांबवू नका. तोवर तो दोन बोटांच्या बेचक्यात बिस्कीट धरत असेल तर धरू द्या. ती त्याने स्वतः शोधलेली पकड आहे. ‘नीट धर’ म्हणून ती मोडू नये.

शौचाच्या बाबतीत सर्जनने डायलेटर (शौचाची जागा अरुंद होऊ नये म्हणून वापरायची दांडी) शिकवला असेल तर सांगितलेल्या मापाप्रमाणे तो चुकवू नका, आणि बद्धकोष्ठाला क्षुल्लक समजू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मुलाला सूचना कळू लागल्यावरचे, म्हणजे शाळेत जाण्याच्या वयातले आहेत. आज कोणी त्यांचे पैसे मागितले तर देऊ नका. मूत्रपिंड एकच असल्यामुळे ताप किंवा दुखण्यावरचे औषध मनाने द्यायचे नाही आणि कारण न सापडणाऱ्या तापात लघवी तपासायचीच.

राहिला खेपांचा प्रश्न. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. अंगणवाडीताईंकडून किंवा ग्रामीण रुग्णालयातून तेथे नोंद करून घ्या, आणि सर्व थेरपींची सूत्रे हाती धरणारी एकच व्यक्ती तिथे मागा. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरी गाठणे हे परशुराम घाट ओलांडून मुंबईला जाण्यापेक्षा केव्हाही सोपे, विशेषतः जुलैत. मुंबईच्या खेपा शस्त्रक्रिया व मोठ्या तपासण्यांपुरत्या ठेवा. मधल्या काळात बाळ खातानाचा, बसतानाचा आणि हात वापरतानाचा दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ थेरपिस्टना पाठवा. अनोळखी खोलीत घाबरलेल्या बाळाकडे पाहून जे कळत नाही, ते ओटीवरच्या व्हिडिओत दिसते.

आणि एक वही करा. पहिल्या पानावर सर्व व्यंगे, झालेल्या शस्त्रक्रिया, तारखा आणि ‘हे करू नये’ अशी यादी ठेवा. माझ्या उमेदवारीच्या काळात अशाच एका बाळाला मी पोटावर झोपवून मान उचलण्याचे व्यायाम दिले होते. मानेचे मणके जुळलेले असल्याचे दुसऱ्या विभागाच्या फाइलीत लिहिलेले मला तीन आठवड्यांनी कळले. बाळाला इजा झाली नाही, हे नशीब. तेव्हापासून पहिले पान वाचल्याशिवाय मी बाळाला हात लावत नाही.

प्रश्न : माझी नात साडेचार महिन्यांची आहे. ओठ शिवून झाला, टाळू अजून दुभंगलेली आहे. दोन्ही पाऊल आत वळलेले होते, ते प्लास्टर लावून सरळ केले. आता दांडीचे बूट दिवसरात्र घालायला सांगितले आहेत, परंतु ती रडते म्हणून सुनेने ते रात्री काढायला सुरुवात केली आहे. बोलण्याची थेरपी टाळूच्या ऑपरेशननंतर करायची ना? शेजारी शिटी वाजवायला शिकवा म्हणतात. सुनेने पाचव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली, असेही घरात बोलले जाते.
— एक आजोबा, दापोली तालुका

उत्तर : आजोबा, ग्रहणाचा विषय आधी मिटवू या. ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात जुळते. पाचव्या महिन्यात सूनबाईंनी विळीवर काहीही चिरले असते तरी नातीचा ओठ त्याच्या कितीतरी आधी घडून गेला होता. हा हिशेब घरात आपणच मोठ्याने सांगावा. आपल्या तोंडून त्याला वजन येईल.

बूट काढू नयेत. डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांच्या पद्धतीत प्लास्टरने पाऊल सरळ होते, परंतु ते सरळ ठेवतात ते बूटच. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे सुमारे ४ वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी, असा त्यांचा नेम आहे. बहुतेक वेळा तो मोडल्यामुळेच पाय पुन्हा वळतो आणि पुन्हा प्लास्टरवर यावे लागते. रडण्याचे कारण मात्र शोधायचे. टाच बुटात खाली बसली आहे का, हे मागच्या भोकातून पाहा. साधी लाली चालते, फोड चालत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत सुती मोजे दिवसातून दोनदा बदला आणि बुटात तेल किंवा पावडर घालू नका. दोन्ही गुडघे एकत्र वाकवून-सरळ करून दाखवलेत, तर दांडीसकट पाय हलवण्याची युक्ती तिला लवकर सापडेल.

बोलण्याचे काम ऑपरेशननंतर सुरू होते, हा समज चुकीचा आहे. टाळूची शस्त्रक्रिया बहुधा वर्षाच्या आसपास होते, आणि तोवर मूल आवाज ऐकून साठवत असते. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे आज स्पीच थेरपिस्टकडे जायचे ते श्रवण तपासणीसाठी आणि बाळाशी कसे बोलायचे ते शिकण्यासाठी. म, न, अ असे आवाज तिने काढले की तसेच परत काढून तिला उत्तर द्या. शिटी, फुगा आणि बासरी खेळ म्हणून ठीक आहेत, परंतु फुंकण्याने उच्चार सुधारत नाहीत. बोलणे हे बोलण्यानेच सुधारते.

टाळू आणि पाय अशी दोन व्यंगे एकत्र असल्यामुळे हृदय व डोळे यांची तपासणी आणि आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांचा सल्ला एकदा घ्यावा, म्हणजे पुढच्या बाळाच्या वेळी ग्रहणाचा विषय निघणार नाही.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. जन्मतः हातापायांचे सांधे आखडलेले, डावा खुबा निखळलेला आणि पाठीला बाक आहे. लहानपणी पायांच्या शस्त्रक्रिया झाल्या, कुबडी घेऊन चालतो. घरच्या खोल्या पर्यटकांना देतो. बुकिंग व हिशेब माझ्याकडे आहेत. दोन वर्षांपासून उजवा खांदा रात्री ठणकतो आणि गेल्या पावसात अंगणात दोनदा पडलो. दाखवायला गेलो तर ‘जन्मापासूनचे आहे, आता काय करणार’ असे सांगितले. थेरपी फक्त लहान मुलांसाठी असते का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर मला पटत नाही. सांधे आखडण्याची ही स्थिती, जिला आर्थ्रोग्रायपोसिस म्हणतात, बहुतेक प्रकारांत वयाबरोबर वाढत नाही. म्हणूनच नवे दुखणे आले तर त्याला नवे कारण असते आणि ते जुन्या खात्यावर टाकता येत नाही. आपल्या खांद्याने २५ वर्षे पायाचे काम केले आहे; तो झिजला किंवा सुजला असेल तर त्यात नवल नाही, आणि त्यावर उपाय आहेत.

पहिला उपाय कुबडीचा. कुबडीची मूठ उभे राहिल्यावर मनगटाच्या रेषेत यावी आणि कोपर किंचित वाकलेला असावा, हा सर्वसाधारण नियम. आपले कोपर वाकत नसतील तर तो नियम आपल्याला लागू नाही. अशा वेळी पुढचा हात आडवा टेकवता येईल अशी पट्टी असलेली कुबडी वापरून पाहावी, म्हणजे भार तळव्यावर न येता सबंध बाहूवर पसरतो. काखेवर कधीही भार देऊ नये. लांबच्या अंतरासाठी चाकाची खुर्ची किंवा जोडचाकांची स्कूटर घेणे ही माघार समजू नका; खांदा घरातल्या चालण्यासाठी शिल्लक ठेवायचा आहे.

दुसरा उपाय घराचा, आणि तो ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या हाताखाली करावा. शक्य असल्यास त्यांना एकदा घरी आणा, नाहीतर खोल्या, न्हाणीघर आणि अंगण यांचे चित्रीकरण दाखवा. मालवणकडच्या एका घरात मी पाहिले, की दाराची कडी खांद्याच्या उंचीवर होती आणि तिथे हात पोचत नसल्याने तो गृहस्थ दिवसातून वीस वेळा अंग वाकडे करून ती काढी. त्याच्या भावाने जाळ्याच्या नायलॉन दोरीचा फास कडीला बांधून कमरेपर्यंत सोडला, खर्च शून्य. नळाला चकतीऐवजी लांब दांडा, पेनाला जाड मूठ आणि हिशेबासाठी फोनवर बोलून लिहिण्याची सोय ही अशीच कामे आहेत. कडक सांधे ताणून सरळ करण्याच्या मागे या वयात लागू नये. वाकलेला सांधा ज्या कामाला उपयोगी पडतो ते काम पाहायचे आणि वस्तू बदलायची.

पाठीचा बाक वाढतो आहे का आणि फुप्फुसांवर त्याचा दाब येतो का, हे एकदा तपासून घ्या. सकाळी उठल्यावर डोके जड होणे, रात्री झोप मोडणे किंवा बोलताना दम लागणे असे काही होत असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा.

थेरपिस्ट निवडताना नोंदणी विचारायला संकोचू नका. या व्यवसायांसाठी केंद्राचा २०२१ चा कायदा आहे, आणि स्पीच थेरपिस्ट व कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर तयार करणारे तज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर ते काढा. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास बहुतेक सवलती मिळतात. खुर्ची व कुबड्यांसाठी केंद्राच्या साहाय्य योजनेतही अर्ज करता येतो. मुंबईला जाणे झालेच तर हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत प्रौढांनाही तपासतात.

पडण्याबद्दल दोन गोष्टी. जांभ्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ मे महिन्यातच तारेच्या ब्रशने खरवडून काढा आणि धरायला कठडा बसवा. पोफळीचा सोट चालतो. दुसरी गोष्ट कुबडीच्या टोकाची. ती उलटी करून पाहा : रबराच्या तळाची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर ओल्या चिऱ्यावर ती साबणासारखी सरकते. नवे रबर स्वस्त असते. एक जोड जूनच्या आधी बदलावा आणि एक घरात ठेवावा.